अर्धा घंटा सुटा मिळंल का?

…दोनशे घंटे! अहो, दोनशे घंटे घेऊन मी काय करू, लोणचं घालू? तुमीच सांगा, शहाणीसुरती माणसं बसलीत समोर. माणूस दुकानात जातो ते काय मागायला? त्याला पाहिजे ते! आन दुकानदार काय देतो? त्याच्याकडं पडून हाय ते! मी सोता दुकानदार हाय, मला ही कला मालूम हाय. सिरसाळ्यात भांड्याचं दुकान हाय माझं, मृत्युंजयअप्पा म्हणलं की कुणीबी आणून सोडंल, बावीस वर्षं गल्ल्यावर बसलोय. पण तुमाला सांगतो, माझ्याकडं कुणी एक चमचा मागितला तर मी एकच चमचा देतो. एकच! "अख्खा डझन घ्या, जल्मभर चमच्याची फिकीर न्हाई" असं मी म्हणत न्हाई. आन ह्ये बीडचे टीव्ही इकणारे… मला पाहिजे किती? अर्धा घंटा! ह्ये दाखवायलेत दोनशे!

थांबा, मुळापासून सांगतो. फकस्त मधी बोलू नका, मधी कुणी बोललं की माझं बिनसतं.

तर आमची मंडळी. गंगासागर. सव्वीस वर्षांचा संसार. बाई अशी, की घरात हाय का न्हाई ते भांडं वाजल्यावर कळावं. बोलणं म्हणून न्हाई. पण तिच्या हातचा येसर! येसर मालूम हाय ना? कुणी पुण्याकडचं बसलं असंल तर सांगून ठेवतो, धान्यं-डाळी भाजायच्या, मसाला घालून दळायच्या, आन त्या पिठाची अशी आमटी करायची की पंगतीतला माणूस नाक पुशीत म्हणतो, अजून वाढा. आता एका मराठी चॅनलवर बायकांचा सैपाकाचा कार्यक्रम हाय, "चुलीपाशी चार शब्द". गावोगाव गाडी घेऊन फिरतेत. आमची पोरगी अपेक्षा बीडला क्लासला असती, तिनं परस्पर फोन करून आईचं नाव दिलं. मला इचारलं? न्हाई! आन एक दिवस गाडी आमच्या दारात!

दिवे काय, छत्र्या काय, वायरी काय… मी म्हणलं, बाईमाणूस घाबरंल, आपण शेजारी उभं ऱ्हावं. ऱ्हायलो. गंगासागर म्हणली, "पहिल्यांदा धने…" मी म्हणलं, "धने मागून, आधी गहू." परत सुरू. "पहिल्यांदा गहू…" मी म्हणलं, "कसे गहू, ते सांग की, निवडून, धुवून…" तिसऱ्या बारीला ती कार्यक्रमवाली पोरगी, गळ्यात कसलं तरी कार्ड, लई गोड आवाजात म्हणती, "काका, आपण थोडं बाहेर बसता का? आवाज येतोय." आवाज येतोय! माझ्या घरात माझा आवाज न्हाई येणार तर काय कलेक्टरचा येणार? पण गेलो. सोताच्या घरातून बाहेर काढलेला माणूस जसा जातो तसा गेलो. आमचं घर दुकानाच्या मागं, मधी एक भिंत. गल्ल्यावर बसून ऐकायलोय, आतून हसण्याचा आवाज येतोय. तिच्या! त्या पोरीच्या! त्या क्यामेऱ्यावाल्याच्या! शब्द एक कळंना. बायको बोलायली, आन मी सोडून समदे हसायलेत.

संध्याकाळी इचारलं, "काय बोललीस गं?" तर म्हणती, "काही न्हाई, येसराचंच." येसरात हसण्यासारखं काय हाय, मला सांगा! ठसका हाय, हसू न्हाई.

बरं, महिन्यानं फोन आला. कार्यक्रम लागणार हाय. कवा? गुरुवारी, दुपारी एक ते दीड. आन त्याच गुरुवारी हिच्या भावाच्या पोरीचं लगीन! कड्याला! मुहूर्त बारा एक्कावन्न! आता कडा कुठं, सिरसाळा कुठं, जिल्ह्याचं ह्ये टोक आन त्ये टोक. वर्षात गुरुवार किती असतेत? बावन्न! दिवसात दुपारचा एक किती बारीला वाजतो? एकदाच! आन नेमकं तवाच ही बाई टीव्हीत बी पाहिजे आन मांडवात बी पाहिजे, कारण ही नवरीची सख्खी आत्या. मी चॅनलला फोन केला, "पोरी, परत कवा दाखवणार?" "आमच्याकडं रिपीट नसतं काका." म्हणलं, "मंग गुरुवारचं शुक्रवारी करा." तर फोन ठिवला! इथं आमी नवरदेवाची गाडी उशिरा आली तर मुहूर्त पुढं ढकलतो, आन यांना येक आमटी ढकलंना!

त्या दिवशी जेवताना गंगासागर म्हणली… आता ह्ये नीट ऐका. सव्वीस वर्षांत त्या बाईनं मला कधी सोनं मागितलं न्हाई, लुगडं मागितलं न्हाई. ताट वाढता वाढता खालती बघून म्हणली, "अहो, टीव्हीतलं धरून ठिवायचं मशीन असतं म्हणं. अपेक्षा सांगत होती. मला एकदा बघायचंय, मी कशी बोलते ते. घरात कधी कळालंच न्हाई."

तुमी कावून हसायलेत? ह्यात काय हसण्यासारखं हाय? मला तर गलबलून आलं! म्हणलं, आणायचं. मशीन आणायचंच. पण परवडंल असं. कारण पाहिजे किती? अर्धा घंटा.

अपेक्षाला फोन लावला. ती म्हणली, "अप्पा, डिजिटल रेकॉर्डर म्हणून मागा." आता "रेकॉर्डर" माझ्या ध्यानातून उतरलं, "डिजिटल" तेवढं ऱ्हायलं. स्टँडवर रिक्षावाल्याला इचारलं, "डिजिटल कुठं मिळंल बे?" "धर्मराजकडं की अप्पा!" इतकं सरळ सांगितलं. गेलो धर्मराजकडं. तुमाला मालूम हाय ना, आमच्याकडं डिजिटल म्हणजे काय? चौकात लावतेत ते! ह्या एवढाल्या कापडावर फोटो, खालती शंभर शुभेच्छुक! त्याला डिजिटल म्हणतेत! पण माझ्या दिमागात मशीन, त्याच्या दिमागात कापड. मला म्हणतो, "बसा अप्पा. कुणाचं करायचंय?"

म्हणलं, "बायकोचं."

"फोटो आणलाय? वाढदिवस का… भावपूर्ण?"

मी म्हणलं, "भावपूर्ण कसलं, कार्यक्रम हाय गुरुवारी. एक वाजता."

त्याचा चेहराच उतरला. खुर्चीवरनं उठला, माझ्या खांद्यावर हात ठिवला. "अप्पा… डॉक्टरनं टायम बी सांगितला?"

"डॉक्टर कशाला सांगंल? चॅनलनं सांगितला! मला फकस्त येवढंच सांग, अर्ध्या घंट्याचं किती घेतोस?"

"अप्पा," डोळे पुशीत म्हणतो, "आपल्याकडं फुटावर असतं. घंट्यावर न्हाई."

पंधरा मिन्टं! पंधरा मिन्टं लागली, गंगासागर जित्ती हाय ह्ये त्याला पटवायला. आन मी घरी जायच्या आत दोन बाया माझ्या दारात येऊन बसलत्या, डोळ्याला पदर लावून, आन आतून गंगासागर त्यांना चहा इचारायली. असलं गाव!

मंग अपेक्षाला मशीनचं नाव परत इचारून बीड गाठलं. राधाकिशन शेठचं दुकान, समदी भिंत टीव्हीची. तीस टीव्ही, तिसात एकच माणूस एकाच टायमाला बोलायलाय, आन आवाज बंद. मला तर तेच लई भारी वाटलं. शेठ म्हणला, "या अप्पा. कमर्शियल का घरगुती?" म्हणलं, "घरगुतीच. बायकोसाठी." तर त्यानं काचंवर तीन डबे मांडले. थोरला, मधला, धाकला. आन सुरू! थोरल्यात दोनशे घंटे मावतेत. थोरल्यात एक कार्यक्रम बघता बघता दुसरा धरता येतो. थोरल्यात चालू कार्यक्रम थांबवता येतो.

"थांबवता येतो?" मी म्हणलं. "म्हणजे मी सिरसाळ्यात बटण दाबलं की ती बातम्यावाली बाई मुंबईत थांबणार?"

"तुमच्यापुरती थांबणार, अप्पा."

"आन बाकीच्या जिल्ह्याला?"

"बाकीच्यांना चालू."

"मंग ती बोलायली का थांबलीय? एक काय ते सांगा!"

शेठनं पाणी मागवलं. माझ्यासाठी न्हाई, सोतासाठी. मंग त्यानं किंमत सांगितली. मी खुर्चीवर बसलो… बसलेलाच होतो, अजून बसलो. म्हणलं, "शेठ, तुमी यापारी, मी यापारी. आपण उगं येकमेकाला टोपी कशाला घालायची? मला पाहिजे किती? अर्धा घंटा! अर्धा घंटा सुटा मिळंल का?"

"सुटा?"

"सुटा! किरकोळ! दोनशेतला अर्धा तोडून द्या, बाकीचे साडेनव्व्याण्णव… एकशे साडेनव्व्याण्णव दुसऱ्या गिऱ्हाइकाला इका!"

"तोडता येत न्हाई अप्पा."

"मंग भाड्यानं द्या! मी पातेली भाड्यानं देतो, पंचवीस पायल्याचं पातेलं, वर झारा फुकट! पूर्वी व्हिडिओ भाड्यानं मिळायचा का न्हाई? एका रात्रीला तीन पिच्चर! हातगाड्यावर टीव्ही यायचा गल्लीत! तवा देश गरीब होता तर भाड्यानं मिळायचं, आता देशात समदं मिळायला लागलं तर भाड्यानं मिळंना! ही कसली तरक्की?"

मंग त्यानं धाकला पुढं केला. "ह्यो घ्या, परवडंल. फकस्त ह्यात रेकॉर्डिंग साठवायला पेनड्राईव्ह येगळा घ्यावा लागंल." म्हणलं, "म्हणजे ह्या रेकॉर्डरात रेकॉर्ड होत न्हाई?" "होतं, पण मावत न्हाई." वा! म्हणजे पातेलं घ्या, बूड येगळं घ्या! मी असं पातेलं इकलं असतं तर सिरसाळ्यानं मला त्याच पातेल्यात उकळलं असतं. शेवटी मधला घेतला. थोरला परवडंना, धाकला पटंना, तवा मधला. आपल्या देशात निम्म्या वस्तू अशाच खपतेत, बघा. त्यात घंटे किती? नव्वद! ते बी मला नको होते, पण सुटे देईना.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा फिटर आला, सटवा नाव त्याचं, गुणी माणूस. गच्चीवर टीव्हीची छत्री बसवली, डबा टीव्हीखालती ठिवला, गुरुवारचा एक ते दीड लावून दिला. आधी तपासून बी दाखवलं, पाच मिन्टं बातम्या धरल्या आन परत लावल्या. तीच बाई, तेच बोलणं, तीच शिंक! गंगासागरनं दोनदा बघितलं. तिच्या तोंडावर असं हसू आलतं म्हणता… लग्नात बी आलं नव्हतं. सटवा जाताना म्हणला, "अप्पा, तीन गोष्टी ध्यानात ठिवा. बटण बंद करू नका, वायर काढू नका, जागचा हलवू नका. बस."

आता तुमच्या मनात काय आलंय ते मला मालूम हाय. "लाईट गेली असंल!" बीड जिल्हा म्हणलं की तुमाला दुसरं काही सुचतच न्हाई. न्हाई गेली! आन गेली असती तरी मी इन्व्हर्टर भरून ठिवलता, पंखे बंद केलते, फ्रिजची वायर काढलती, बॅटरीत पाणी टाकलं होतं. मला काय येडा समजलात? लाईटचं कारण सांगून मी सुटलो असतो तर इथं तुमच्यापुढं तोंड घेऊन कशाला आलो असतो!

बुधवारी सकाळी आमी कड्याला निघणार. गाडी यायला घंटाभर हाय. गंगासागर आत पिशव्या भरायली. मी त्या डब्याकडं बघत बसलोय. नवाकोरा, काळाभोर, वरचं झाकण पत्र्याचं, गुळगुळीत. आन माझ्या ध्यानात आलं, अरे, ह्याच्यावर नाव न्हाई!

आता आमचा धंदा कसला? नावाचा! भांडं कुणीबी इकतं हो, भांड्यावर नाव कोण टाकतं? मी! पंचक्रोशीतल्या पाचशे लग्नांतल्या ताटा-तांब्यांवर "यांजकडून सप्रेम भेट" माझ्या हातचं हाय. नाव न टाकलेली वस्तू घरात ठिवली तर आमच्या वडलांना जेवण जात नसं. माझ्या घरात ताटावर नाव, तांब्यावर नाव, इस्त्रीवर नाव, पंख्याच्या पात्यावर नाव, फिरायला लागला की वाचता येत न्हाई ती गोष्ट येगळी. आन दोन दिवस घर बंद ऱ्हाणार, किल्ली शेजारच्या छबुबाईकडं, तिच्या घरी माझी तीन पातेली आजबी हायत, ती केवळ नावामुळं माझी हायत! तवा नाव टाकायचं मशीन आणलं. हातात धरायचं असतं, पुढं टोकदार सुई, बटण दाबलं की टर्रर्रर्र. डबा बंद केला? न्हाई! वायर काढली? न्हाई! हलवला? सुताएवढा बी न्हाई! सटवानं सांगितलेलं मी देवाचं वचन समजून पाळलं. चालू डब्यावर, जाग्यावर, गुडघे टेकून, घाम पुशीत, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर अक्षर मी काढलं: "सौ. गंगासागर हिस मृत्युंजय यांजकडून सप्रेम भेट." खालती तारीख. बाजूला बेलाचं पान. पानाला तीन दळं, शिरांसकट! टर्रर्रर्र, टर्रर्रर्र, अर्धा घंटा!

बोंबला! तुमाला बी कळलं का? मला नव्हतं कळलं.

लग्नात तर मी हवेत. अक्षता पडल्या न पडल्या तोच फोन सुरू. "अप्पा, वहिनी दिसायल्यात!" "अप्पा, वहिनी काय बोलायल्यात हो!" मी वरमाईपासून आचाऱ्यापर्यंत समद्यांना सांगितलं, "काही काळजी करू नका, घरी डिजिटल लावून आलोय! नव्वद घंट्यांचं!" गंगासागर तिकडं नवरीच्या मागं उभी, डोक्यावर पदर, माझ्याकडं बघून हसायली. सव्वीस वर्षांत मांडवात कुणी तिच्याकडं बघितलं नव्हतं, तिथं बाया येऊन तिचा हात हातात घ्यायल्यात. मी म्हणलं, देवा वैजनाथा, पैसे वसूल!

शुक्रवारी वापस आलो. तिनं पाय धुतले, देवाला दिवा लावला, नवी साडी नेसून टीव्हीपुढं बसली. सोताला बघायला बाई नवी साडी नेसली! मी बटण दाबलं. टीव्ही चालू, डबा चालू, लाईट चालू, बातम्यावाली बाई चालू. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं… डब्यातनं आवाज आला, कट. कट. कट. घड्याळात उंदीर शिरल्यासारखा. आन पडद्यावर इंग्रजीत एक ओळ. आठ बारी दाबलं, नऊ बारी दाबलं. तीच ओळ.

सटवाला बोलावलं. त्यानं कान लावला. मंग झाकणावरनं हात फिरवला. थांबला. वाचलं. परत वाचलं. "अप्पा, ह्ये काय?"

"नाव."

"डबा चालू होता तवा टाकलं?"

"मंग! तूच म्हणलास बंद करू नका!"

त्यानं कपाळाला हात लावला. म्हणला, "अप्पा, आतमधी एक चकती भिंगरीगत फिरत असती, आन तिच्यावर केसापेक्षा बारीक अंतरावर एक सुई तरंगत असती. तुमी वरनं दुसऱ्या सुईनं घंटाभर ठोकलं."

"अर्धा घंटा!" मी म्हणलं. खोटं कुणी बोललेलं मला चालत न्हाई.

शेठकडं गेलो. म्हणलं, हमी हाय, बदलून द्या. शेठ म्हणला, "हमीत बसत न्हाई." मी म्हणलं, पुस्तक दाखवा. पुस्तकात काय लिहिलंय? पाण्यात घालू नये. उन्हात ठेवू नये. वर फुलदाणी ठेवू नये. फुलदाणी! बीड जिल्ह्यात ज्याच्या घरात फुलदाणी असंल त्यानं हात वर करावा! न्हाई ना? आन नाव टाकायचं मशीन? दर गावाला एक! मंग लिहिताना कुणाचा इचार करायचा, फुलदाणीवाल्याचा का भांडंवाल्याचा? "यावर नाव टाकू नये," चार शब्द लिहायला काय शाई संपत होती? शेठ म्हणतो, "अप्पा, कंपनीला काय सपान पडलं होतं, की तुमी त्याच्यावर बेलाचं पान काढणार?"

असू द्या. ती फजिती मी पचवली असती. पण गंगासागर… तुमाला सांगतो, तिनं आदळआपट केली असती, शिव्या दिल्या असत्या, चार दिवस भाकर टाकली नसती, मला चाललं असतं. तिनं काय केलं? त्या झाकणावरनं पदर फिरवला, बोटानं ती ओळ वाचली, आन म्हणली, "अक्षर चांगलं आलंय." आन साडी बदलायला आत गेली. मी चॅनलला सहा फोन केले, अर्ज केला, त्यांच्याकडं बी आता ते न्हाई.

आन खरी तकलीफ तर पुढंच सुरू झाली. समद्या सिरसाळ्यानं तो कार्यक्रम बघितलाय. समद्या! छबुबाई किल्ली वापस द्यायला आली, माझ्याकडं खालून वर बघितलं आन म्हणती, "अगं बाई, तवा असे होता व्हय तुमी?" कसा? कवा? "काही न्हाई," म्हणून तोंडाला पदर लावून गेली. धर्मराज भेटला, म्हणला, "अप्पा, लई हसलो." त्याची बायको शेजारीच, ती म्हणती, "हसायचं काय त्यात, मला तर रडू आलं." आता एकाच गोष्टीला नवरा हसतो आन बायको रडती, ती गोष्ट तरी कसली असंल? गिऱ्हाईक तांब्या घ्यायला येतं, तांब्याकडं बघत न्हाई, माझ्याकडं बघतं! इचारलं तर म्हणतेत, "वहिनींनाच इचारा." माझ्या बायकोनं माझ्याबद्दल जे सांगितलं ते शाळंतल्या पोरांना मालूम, रिक्षावाल्यांना मालूम, कड्याच्या आचाऱ्याच्या बायकोला मालूम. एक मी सोडून! मला ऐकायचं किती? अर्धा घंटा!

शेवटी एका दुपारी दुकान लावून घेतलं. तिच्यापुढं जाऊन पाटावर बसलो. म्हणलं, "गंगासागर, चुकलो. आता तूच सांग. जसं तिथं सांगितलं तसं. पहिल्यापासून."

ती हातातलं निवडणं बाजूला सारून म्हणली, "आठवतंय मला समदं. सांगते. पण मधी बोलायचं न्हाई."

वैजनाथाची शपथ घेतली मी! दातावर दात धरले. ती नीट बसली, पदर सारखा केला, समोर क्यामेरा असल्यावाणी भिंतीकडं बघितलं… आन तुमाला सांगतो, माझ्या घरात एक वेगळीच बाई बोलायला लागली हो! काय आवाज! काय ठेका! येसर भाजायचा कसा, हात कवा थांबवायचा, नाकाला कसं कळतं… मी ऐकतोय. सव्वीस वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं, ती इतकं गोड बोलती ह्ये मला कुणी सांगितलंच न्हाई. मंग ती थोडी हसली आन म्हणली, "ही आमटी मी पहिल्यांदा ह्यांना वाढली ती बघण्याच्या कार्यक्रमाला. आज ह्यांच्या तोंडाला कुलूप न्हाई, पण त्या दिवशी ह्यो माणूस माझ्यापुढं खालती मान घालून बसलता, घाम फुटलेला, आन तोंडातून एक शब्द निघंना. वाटी पुढं केली आन माझ्याकडं नुसतं बघितलं. तवा मी मनात म्हणलं…"

"घसा बसलता माझा!"

निघून गेलं तोंडातून! अहो, बसलाच होता! आदल्या दिवशी जत्रा झालती! उगं साऱ्या महाराष्ट्रात माझी बदनामी की म्हणं शब्द निघंना… बरोबर हाय का न्हाई माझं? तुमी गप कावून बसलात?

ती थांबली. माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई, इमानानं सांगतो, रागानं न्हाई. परत भिंतीकडं वळली, हात जोडले आन लई गोड आवाजात म्हणली, "इथं आपण घेऊया एक छोटासा ब्रेक." आन उठून आत गेली.

आज पंधरा दिवस झाले. ती मनात काय म्हणली ते समद्या सिरसाळ्याला मालूम हाय, आन मी रोज दुपारी दुकान लावून पाटावर जाऊन गप बसतो… ब्रेक अजून चालूच हाय.